परदेशी सरकारचे अनुदान: अर्ज कसा तपासतात आणि गोव्यातल्या संस्था कुठे अडकतात

जपान, ऑस्ट्रेलिया यांसारखी सरकारे आपल्या विकास-सहकार्याच्या निधीतून भारतातल्या छोट्या संस्थांना थेट अनुदान देतात. जपानची 'ग्रासरूट्स' अनुदान योजना आणि ऑस्ट्रेलियाचा 'डायरेक्ट एड प्रोग्रॅम' ही त्यांतली ओळखीची नावे. सत्तरी, पेडणे, सांगे, काणकोण इथल्या संस्था असे अर्ज करतात. माझ्या पाहण्यातले बरेचसे अर्ज काम वाईट म्हणून बाद झालेले नाहीत. तपासणारा कामापर्यंत पोचलाच नाही. एखादा कागद कमी होता, एक नाव जुळत नव्हते, किंवा इमारत जिच्यावर उभी राहणार ती जमीनच कागदावर दुसऱ्याची होती.

पुढे सगळीकडे एकच कल्पित उदाहरण घेतो: सत्तरीतल्या वाळपईजवळच्या एका संस्थेला दिव्यांग मुलांसाठी फिजिओथेरपीची खोली बांधून उपकरणे घ्यायची आहेत.

१. आधी चाळण्यांचा क्रम समजून घ्या

अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून मग कोणी निर्णय घेत नाही. पहिली चाळणी पात्रतेची असते. तिथे हो किंवा नाही एवढेच असते, गुण नसतात. संस्था नोंदलेली आहे का, परकीय निधी घ्यायची परवानगी आहे का, हिशेब तपासलेले आहेत का, मागितलेली रक्कम मर्यादेत आहे का, हे काम योजनेत बसते का. इथे एक 'नाही' आला की फाइल बाजूला जाते. गहाळ कागद फोन करून मागून घेतील, या भरवशावर राहू नका.

दुसऱ्या चाळणीत आशयाला गुण मिळतात. बहुतेक ठिकाणी दोन किंवा अधिक जण एकच अर्ज स्वतंत्रपणे वाचतात आणि गुणांत फार तफावत असेल तर बसून चर्चा करतात. प्रत्येक योजनेचे निकष वेगळे असले तरी मुळाशी सहसा ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीचे सहा प्रश्न असतात: कामाची खरोखर गरज आहे का, इतर कामांशी ते जुळते का, ठरवलेले साधेल का, पैसा काटकसरीने वापरला जाईल का, त्याने लोकांच्या जगण्यात काय फरक पडेल, आणि अनुदान संपल्यावर काम टिकेल का. यातला 'इतर कामांशी जुळणे' हा निकष २०१९ साली वाढवला. जुना नमुना समोर ठेवून अर्ज लिहिणारे नेमका तोच विसरतात.

तिसऱ्या चाळणीत संस्थेची शहानिशा होते, म्हणजे हिशेब, पदाधिकारी, पूर्वीचे देणगीदार. चौथी प्रत्यक्ष पाहणी. त्यानंतर समिती बसते, आणि लहान योजनांतही शेवटची मंजुरी अनेकदा त्या देशाच्या राजधानीतून येते. म्हणजे अर्ज असा वाचक वाचणार आहे ज्याने सत्तरी पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही. त्याला त्या देशाच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासातला अधिकारी तुमचे म्हणणे समजावून सांगणार. त्या अधिकाऱ्याच्या हातात सांगण्यासारखे काहीतरी द्या.

तपासा: योजनेच्या मार्गदर्शक सूचना चालू वर्षाच्याच आहेत ना? जपानचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, ऑस्ट्रेलियाचे ३० जूनला. मुदती आणि रकमेच्या मर्यादा त्यानुसार दर फेरीला बदलू शकतात.

२. एफसीआरए: हे नसेल तर पुढचे वाचू नका

परकीय सरकारचा पैसा हा परकीय अभिदाय. त्याला परकीय अभिदाय (विनियमन) अधिनियम, २०१०, म्हणजेच एफसीआरए लागू होतो. गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना असा एक रुपयाही घेता येत नाही. '१२ए आणि ८०जी आहे, दर्पणवर नोंद आहे, सीएसआर मिळतो' हे उत्तर इथे चालत नाही. ती वेगळ्या कामाची आहेत: १२ए-८०जी आयकर सवलतीसाठी, दर्पण ही नीती आयोगाच्या पोर्टलवरची नोंद, सीएसआर म्हणजे कंपन्यांचा सामाजिक निधी.

नोंदणीसाठी संस्था किमान ३ वर्षे चालू हवी आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. एवढे नसेल तर पूर्वपरवानगीचा रस्ता आहे. ती एका ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक रकमेसाठी, ठरावीक कामासाठीच मिळते आणि अर्जासोबत देणगीदाराचे वचनपत्र लागते. इथे पेच पडतो. मंत्रालय आधी देणगीदाराचे पत्र मागते आणि देणगीदार आधी मंत्रालयाची परवानगी मागतो. पूर्वपरवानगीवर काम चालेल का हे अर्ज लिहायच्या आधी ई-मेलने विचारून घ्या आणि आलेले उत्तर जपून ठेवा.

२०२० च्या दुरुस्तीनंतर तीन गोष्टी पक्क्या बदलल्या आणि अर्जांत त्या अजून चुकतात.

पहिली खात्याची. परकीय निधी फक्त भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यात येतो. तिथून तो वाळपईच्या बँकेतल्या वापर-खात्यात आणता येतो, पण अर्जात पैसे जमा करायचे खाते म्हणून गावच्या शाखेचा क्रमांक दिला की तपासणाऱ्याला कळते की संस्थेने हे काम कधी केलेले नाही.

दुसरी, रक्कम पुढे देण्यावरची बंदी. मिळालेला परकीय निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही, तिची एफसीआरए नोंदणी असली तरीही. त्यामुळे 'अनुदानातील ४० टक्के रक्कम पेडण्यातील सहयोगी संस्थेमार्फत खर्च केली जाईल' असे वाक्य अर्जात आले की तो तिथेच संपला.

तिसरी, प्रशासकीय खर्चाची मर्यादा. ती पूर्वी ५० टक्के होती, आता २० टक्के आहे. कार्यालयाचे भाडे, हिशेबनीसाचा पगार यांसारखा खर्च त्यात मोडतो. उद्दिष्टाशी थेट जोडलेले पगार, उदाहरणार्थ शाळेतल्या शिक्षकाचा किंवा रुग्णालयातल्या डॉक्टरचा, त्यात धरत नाहीत. नेमके काय कुठे धरायचे ते सीएकडून लिहून घ्या.

सावधान: नोंदणी ५ वर्षांची असते. प्रकल्पाच्या मध्यावर ती संपत असेल तर नूतनीकरण कधी करणार हे अर्जातच लिहा. एफसी-४ हे वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे असते. परकीय पैसा आलाच नाही त्या वर्षीही. शहानिशेत राहिलेले एक वर्ष लगेच सापडते.

३. नावे आणि जागा: खास गोव्याची अडचण

हा टप्पा महाराष्ट्रातल्या संस्थांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शकांत सापडणार नाही, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. अर्ज लिहायला घेण्याच्या कितीतरी आधी हे काम सुरू करा.

नावे आधी. रोमन लिपीत आपल्या गावांची दोन-दोन रूपे चालतात. साखळी, डिचोली यांची पोर्तुगीज वळणाची स्पेलिंग सरकारी कागदांवर आहेत आणि मराठी उच्चाराची स्पेलिंग आपल्या लेटरहेडवर. आडनावांचेही तसेच, नाईक आणि गावकर ही तर रोजची उदाहरणे. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, एफसीआरए आणि बँक या चार ठिकाणी संस्थेचे नाव व पत्ता अक्षरन् अक्षर जुळतात का, ते शेजारी शेजारी ठेवून पाहा. पदाधिकाऱ्यांच्या आधारवरची नावेही त्यातच धरा. परदेशात बसून वाचणाऱ्याला दोन स्पेलिंगांचे एकच गाव ही दोन गावे वाटतात.

आता जमीन. बांधकाम मागत असाल तर जागा कोणाची हे सिद्ध करावे लागते. फॉर्म एक-चौदाचा, म्हणजे गोव्यातल्या जमीन-नोंदीचा उतारा काढा आणि तीन ठिकाणी पाहा: कब्जेदार कोण, कूळ म्हणून कोणाचे नाव आहे, आणि इतर हक्कांत काही नोंद आहे का. कब्जेदाराच्या जागी वारलेल्या आजोबांचे नाव असणे ही नेहमीची गोष्ट. 'घरातलेच आहेत, कोणाची हरकत नाही' हे तोंडी ठीक. कागदावर वारसांची इन्व्हेंटरी (मालमत्तेची वाटणी ठरवणारी न्यायालयीन प्रक्रिया) झालेली नसेल, तर एका नातवाने करून दिलेले दानपत्र तपासणाऱ्याला टिकाऊ वाटत नाही.

दुसरे म्हणजे गोव्याचा नागरी कायदा. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि स्थावर मालमत्ता जोडीदाराच्या संमतीशिवाय देऊन टाकता येत नाही. म्हणून दानपत्रावर दोघांच्याही सह्या हव्यात. दिल्लीत-मुंबईत तयार झालेले दानपत्राचे नमुने एकाच सहीचे असतात. ते उतरवून घेऊ नका.

जागा कोमुनिदादची (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) किंवा देवस्थानाची असेल तर समितीतल्या ओळखीच्या माणसाचे पत्र पुरत नाही. त्या संस्थेने रीतसर मंजुरी दिलेली हवी. शेतजमीन असेल तर ती बिगरशेती वापरासाठी बदलल्याची, म्हणजे रूपांतराची सनद लागते. पंचायतीचा परवाना आणि नगरनियोजन खात्याची परवानगी तर लागतेच. आणि 'समुद्र लांब आहे, सीआरझेड कुठले' असे म्हणू नका. भरती-ओहोटीचे पाणी मांडवी-जुवारीतून बरेच आत येते आणि किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अशा नद्यांच्या काठांनाही लागू होते.

सावधान: इतके सगळे जुळत नसेल तर बांधकामाचा हट्ट सोडा. पंचायतीच्या किंवा शाळेच्या असलेल्या खोलीत लेखी कराराने बसणारी उपकरणे मागा. तपासणाऱ्याच्या लेखी बांधकाम म्हणजे मोठी जोखीम आणि उपकरणे म्हणजे छोटी.

४. गरज मांडणे

गोव्याचे दरडोई उत्पन्न देशात वरच्या क्रमांकांत येते. तुमचा अर्ज वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो: गोव्याला मदत कशासाठी? तो प्रश्न कोणी तोंडाने विचारणार नाही, गुण देताना मात्र तो तिथे असतो. म्हणून 'गोवा राज्यात' हे शब्द गरजेच्या परिच्छेदातून काढून टाका. तालुका, पंचायत आणि वाडा यांच्या पातळीवर उतरा.

असे लिहिलेले चालत नाही: 'गोव्यातील ग्रामीण भागात दिव्यांग मुलांसाठी सुविधांचा मोठा अभाव आहे.'

असे चालते (आकडे नमुन्यापुरते): 'आमच्या दोन कार्यकर्त्यांनी जानेवारीत सहा वाड्यांत घरोघर नोंद केली. थेरपीची गरज असलेली १४ वर्षांखालील ३१ मुले सापडली. त्यांतल्या १९ मुलांना मागच्या वर्षभरात एकदाही थेरपी मिळाली नाही. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीला नेऊन आणण्यात पूर्ण दिवस जातो आणि आईची रोजी बुडते.'

दुसऱ्या परिच्छेदात मोजणी कोणी, कधी, कुठे केली ते आहे आणि सेवा असूनही पोचत का नाही याचे कारण आहे. २०११ च्या जनगणनेचा आकडा पार्श्वभूमी म्हणून द्या, पण सगळा डोलारा त्यावर उभा करू नका. सत्तरी, डिचोली, सांगे भागांत खाणींचा संदर्भ देणे योग्यच आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द केले हे सर्वांना माहीत आहे. मात्र त्याचा तुमच्या ३१ मुलांशी संबंध काय, तो एका वाक्यात दाखवता आला तरच लिहा.

याच भागात सरकारी योजनांचे नाव घ्या. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना दिव्यांगांना मासिक मदत देते, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना उपचारांचा खर्च उचलते. मग तुमचे काम कशासाठी? बऱ्याच संस्था हा प्रश्न नको म्हणून योजनांचा उल्लेखच टाळतात. तपासणारा ते इंटरनेटवर दोन मिनिटांत शोधतो आणि संस्थेला आपल्या क्षेत्राची माहिती नाही असा निष्कर्ष काढतो.

५. उद्दिष्टे एका तक्त्यात बसवा

बहुतेक योजना लॉगफ्रेम किंवा त्याचे छोटे रूप मागतात. त्यात चार पायऱ्या असतात: काय करणार, त्यातून हाती काय येणार, त्यामुळे लोकांत काय बदलणार, आणि लांबचा परिणाम काय. नेहमीची चूक म्हणजे दुसरी पायरी तिसरीच्या जागी लिहिणे. 'खोली बांधून तयार' हे हाती आलेले फळ झाले, बदल नव्हे. बदल असा: 'वर्षअखेर ३१ पैकी किमान २४ मुले महिन्यातून निदान चार वेळा थेरपीला येतात, पुरावा: हजेरीपट आणि थेरपिस्टची तिमाही नोंद.'

पुराव्याचा रकाना शेवटी घाईत भरू नका. तुम्ही जी नोंद खरोखर ठेवता तीच लिहा. 'स्वतंत्र संस्थेमार्फत मूल्यमापन' लिहिले आणि अंदाजपत्रकात त्याला पैसे नसले तर दोन्ही ठिकाणचे गुण जातात.

तपासा: मुलांचा आकडा गरजेत, तक्त्यात आणि अंदाजपत्रकात एकच आहे ना? तपासणारे हे पहिल्या दहा मिनिटांत पाहतात.

६. अंदाजपत्रक

हे वर्णनाच्या आधी तयार करा. उलटे केले की वर्णनात लिहिलेल्या गोष्टी खर्चात राहून जातात.

योजना कशासाठी पैसे देत नाही ते आधी वाचा. जपानची ग्रासरूट्स योजना मुख्यतः बांधकाम आणि उपकरणांसाठी आहे. पगार, वीजबिल, किरकोळ चालू खर्च ती देत नाही. तिथे थेरपिस्टचा पगार मागणे म्हणजे सूचना वाचल्या नाहीत हे स्वतःच लिहून देणे.

कोटेशन सहसा प्रत्येक वस्तूची तीन लागतात, आणि ती खरी स्वतंत्र असावीत. एकाच दुकानदाराकडून तीन लेटरहेडांवर कागद आणले की ते लपत नाही. तिन्ही कागदांत 'पॅरलल बार'चे (चालण्याच्या सरावाच्या समांतर दांड्यांचे) स्पेलिंग एकाच तऱ्हेने चुकलेले असते, तिन्हींवर तारीख एकच असते आणि वस्तूंचा क्रमही तोच. तपासणारे ही तुलना मुद्दाम करतात. पकडले गेले तर प्रश्न कोटेशनापुरता राहत नाही, संस्थेच्या सचोटीवर येतो. म्हापसा, फोंडा, मडगाव असे वेगवेगळे पुरवठादार गाठा. हवे तर एक कोल्हापूरचा किंवा बेळगावचा. वाहतूक, बसवणे आणि जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या. कर अनुदानात बसतो का ते विचारा. बसत नसेल तर तो तुमच्या वाट्याला.

सर्वांत कमी दराचे कोटेशन निवडले नसेल तर कारण एका ओळीत द्या. 'दुरुस्तीची सेवा गोव्यात मिळते' हे चांगले कारण आहे. 'नेहमीचा पुरवठादार' हे नाही.

मंजुरी येनमध्ये किंवा डॉलरमध्ये होते आणि खर्च रुपयांत. मधल्या महिन्यांत दर हलतो. कमी पडले तर फरक संस्था कुठून भरेल हे लिहा आणि कार्यकारिणीचा तसा ठराव जोडा. असा ठराव जोडणारे थोडे असतात, त्यामुळे तो नजरेत भरतो.

वेळापत्रक अंदाजपत्रकाशी जोडलेलेच असते. पाया जुलैमध्ये खणणार असे दाखवू नका. सत्तरीतला पाऊस पाहिलेला कोणीही ते वाचून हसेल, आणि न पाहिलेला अधिकारीही पावसाळ्याचे महिने ओळखतो. बांधकाम ऑक्टोबर ते मे यांत बसवा. चतुर्थीच्या आठवड्यात गवंडी मिळत नाही हेही धरून चला.

७. अनुदान संपल्यावर कोण चालवणार

अर्जांचा सर्वांत कच्चा भाग हा. 'लोकसहभागातून आणि देणग्यांतून प्रकल्प पुढे चालू ठेवू' या वाक्याला जवळपास शून्य गुण. तपासणाऱ्याने कुलूप लागलेल्या इमारती पाहिलेल्या असतात.

तीन वर्षांचा चालू खर्च मांडा: थेरपिस्ट, वीज, दुरुस्ती, साफसफाई. प्रत्येक ओळीसमोर पैसे कुठून येणार ते लिहा आणि शक्य तिथे कागद जोडा. पंचायत वीजबिल भरणार असेल तर पंचायतीचा ठराव हवा. सरपंचांचे पत्र पुरत नाही, कारण पुढच्या निवडणुकीनंतर सरपंच तेच असतील असे नाही. पालकांकडून थोडे शुल्क घेणार असाल तर बिनदिक्कत लिहा. त्याची लाज वाटायचे कारण नाही. काम टिकवायचा विचार केल्याची ती खूण आहे.

८. जोडकागद

तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, संस्थेची घटना, पदाधिकाऱ्यांची यादी, ठराव. मराठी किंवा कोकणी कागदांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरे सोबत लावा. लैंगिक छळ प्रतिबंधाचे धोरण आणि मुलांशी काम असेल तर बालसुरक्षेचे धोरण आता जवळपास सगळेच मागतात. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारकच आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या धोरणात दुसऱ्या संस्थेचे नाव राहून गेलेले असते, ते नीट पाहा.

९. पाहणीचा दिवस

अधिकारी आला म्हणजे काम झाले, असे समजून लोक मंडप घालतात, शाल-श्रीफळ आणतात, आमदारांना बोलावतात. पाहणारा अर्जातली वाक्ये तपासायला आलेला असतो. त्याला जागा, उताऱ्यावरची हद्द, हजेरीपट, रोकडवही पाहायची असते आणि पालकांशी अध्यक्षांच्या अनुपस्थितीत बोलायचे असते. ती मोकळीक द्या. हिशेब लिहिणारी व्यक्ती त्या दिवशी हजर हवीच. प्रश्न पैशाकडे वळला की 'ते आमच्या सीएना माहीत' हे उत्तर फार महागात पडते.

मुख्य प्रश्नांची उत्तरे तीन वेगवेगळ्या माणसांकडून सारखी येतात का ते आधी घरच्या घरी पाहा. पाठ करून घेऊ नका. सर्वांनी अर्ज वाचलेला असला की पुरते.

१०. उत्तर आल्यावर

होकार आला तरी करारावर सही होईपर्यंत काही खरेदी करू नका, आगाऊ रक्कमही देऊ नका. करारापूर्वीचा खर्च सहसा अनुदानात धरत नाहीत. सही झाल्यावर वस्तू किंवा पुरवठादार बदलायचा असेल तर आधी लेखी संमती घ्या. बिलांवरच्या वस्तूंची नावे करारातल्या यादीशी जुळायला हवीत, नाहीतर शेवटच्या लेखापरीक्षणात रक्कम परत मागितली जाऊ शकते.

नकार आला तर थोडक्यात आणि सभ्यपणे कारण विचारा. काही योजना सांगतात, काही नाही. पात्रतेवर बाद झाला असाल तर तेवढे दुरुस्त करून पुढच्या फेरीत तोच प्रकल्प पाठवता येतो. गुणांवर मागे पडला असाल तर चौथा आणि सातवा टप्पा नव्याने लिहा, आणि वाड्यांतली नोंद वर्षाहून जुनी झाली असेल तर ती पुन्हा करा.